चर्चा: आवराआवरीसाठी पैसे देऊन माणूस बोलवावा का?

कोरा_खण

‘ऑर्गनायझर’ हा शब्द दोन गोष्टींना वापरतात. एक म्हणजे ड्रॉवरमध्ये बसणारा खाचांचा ट्रे. दुसरा म्हणजे तासावर पैसे घेऊन घर किंवा ऑफिस आवरून देणारा माणूस. धागा दुसऱ्याबद्दल आहे. माझी तक्रार ही, की हा दुसरा बऱ्याचदा शेवटी पहिलाच विकत घ्यायला लावतो.

काम चार टप्प्यांचं असतं: सगळं बाहेर काढणं, सारख्यासारख्याचे गट पाडणं, ठेवायचं की काढायचं ते ठरवणं आणि उरलेलं परत लावणं. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा दोन हात असलेल्या कुणालाही जमतो. तिसरा फक्त मालकालाच जमतो, बाहेरच्याने तो करूच नये. मग पैसे नेमके कशाचे?

दुसरं, रचना फोटोसाठी होते. एकसारख्या गोल बरण्यांची रांग दिसते छान. पण चौकोनात बसवलेलं वर्तुळ त्या चौकोनाची ७८.५ टक्केच जागा वापरतं. म्हणजे फळीचा पाचवा भाग पहिल्याच दिवशी फुकट गेला. जागा कमी म्हणून माणूस बोलवायचा आणि त्याने तीच कमी करून द्यायची, हे गणित मला पटत नाही.

मोजपट्टी

सहमत नाही. पैसे तिसऱ्या टप्प्याचेच असतात. निर्णय मालकाचा हे कबूल, पण तो कोणत्या क्रमाने आणि कशा प्रकारे घ्यायचा, हे कसब आहे.

एकट्याने आवरायला घेतलं की काय होतं ते ठरलेलं आहे. सकाळी उत्साहात अख्खं कपाट पलंगावर रिकामं होतं. दुपारी जुनी पत्रं आणि फोटो हाती लागतात, तिथे दोन तास जातात. रात्री झोपायला पलंग हवा असतो, म्हणून सगळं जसंच्या तसं आत कोंबलं जातं. यात आळस कुठेच नाही, क्रम चुकला एवढंच.

जाणकार माणूस एका वेळी एकच खण उघडतो, तासाभरात संपेल इतकाच. सुरुवात ज्यात जीव अडकलेला नाही अशा वस्तूंपासून: वायरी, रिकामी खोकी, मुदत संपलेली औषधं, तुटकी छत्री. फोटो आणि पत्रं सगळ्यात शेवटी, शक्यतो वेगळ्या दिवशी. मालकाने बसून राहायचं, वस्तू दुसऱ्याने उचलून दाखवायची. याला कारण आहे. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांच्या १९९० सालच्या प्रयोगात हातात मग मिळालेल्यांनी तो विकायला जी किंमत मागितली, ती मग न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट होती. मग तोच, फरक फक्त ‘माझा’ झाल्याचा. वस्तू हातात घेऊन कुरवाळत बसलं की ती आणखीच ‘माझी’ होते.

एक बैठक ३ ते ४ तासांची. तिसऱ्या तासानंतर ‘राहू दे’ची संख्या वाढायला लागते, तिथे थांबायचं. आणि शेवटची ३० ते ४० मिनिटं नवीन काहीही बाहेर काढायचं नाही. तो वेळ बाद झालेल्या पिशव्या घराबाहेर घालवण्यासाठी राखून ठेवायचा, त्याच दिवशी. दाराशी ठेवलेली पिशवी आठवडाभरात पुन्हा उघडली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

उगाच_एक

म्हणजे पसारा आपला, कपाट आपलं, निर्णय आपला आणि बिल तेवढं त्यांचं?

मोजपट्टी

शिकवणीला जातानाही डोकं आपलंच असतं, राव.

फाइलवाली

ऑफिसच्या बाजूने लिहिते, कारण तिथे दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

आधी वजन. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद साधारण ५ ग्रॅमचा. ५०० कागदांचं रीम अडीच किलोचं आणि जेमतेम ५ सेंटीमीटर जाड. ९० सेंटीमीटरच्या फळीवर कागद खच्चून उभे केले तर ४५ किलो होतात. फायलींचे पुठ्ठे आणि मधली हवा धरून थोडे कमी. भुशाच्या बोर्डाची फळी एवढ्या वजनाखाली लगेच मोडत नाही, महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहते आणि मग खालच्या कप्प्याचं दार अडकायला लागतं. दर सेंटीमीटरला भार तोच असेल तर वाक लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणून ९०ऐवजी ६० सेंटीमीटरवर आधार दिला की वाक जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो. फळी जाड करण्याआधी मधे एक उभी पट्टी टाका. घर आवरणारे लोक ऑफिसात आले की हे बघत नाहीत, त्यांना कपड्यांच्या वजनाची सवय असते.

आता वर्गवारी. एकट्याने काम करणाऱ्याला विषयवार ३० फायली आणि रंगीत टॅब करून देणं हा बऱ्याचदा अतिरेक असतो. युकिओ नोगुची या जपानी अर्थतज्ज्ञाची पद्धत यापेक्षा सोपी आहे. प्रत्येक कामाचा एक मोठा लिफाफा, कडेला नाव आणि तारीख, सगळे एका रांगेत उभे. वापरलेला लिफाफा परत ठेवताना नेहमी डाव्या टोकाला. महिन्याभरात रोजचे लिफाफे आपोआप डावीकडे जमतात आणि उजवीकडचे धूळ खातात. बाद करायचे ते तिथेच सापडतात. हा नुसता जुगाड नाही. स्लीटर आणि टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं की ‘वापरलं ते पुढे आणा’ एवढ्या एका नियमाने, पुढे काय लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या आदर्श रचनेच्या फार तर दुपटीएवढी शोधाशोध होते. भविष्य न बघता एवढं मिळत असेल तर वाईट काय?

कोरा_खण

हेच म्हणतोय. एकट्याला माणूस बोलवायची गरज नाही.

फाइलवाली

एकट्याला नाही. पण त्याच रांगेत सहा जणांनी हात घातला की ही पद्धत कोसळते. क्रम एकाच्या आठवणीशी बांधलेला असतो, बाकी पाच जणांना तो नुसता ढीग दिसतो. तिथे वर्गवारी, यादी आणि नावं देण्याचा नियम तिन्ही लागतात, आणि ते बाहेरच्याने घालून दिलेलं बरं. आतल्याने केलं की ‘ही अमक्याची पद्धत’ म्हणून बाकीचे पाळत नाहीत. सामाईक जागेत मालक कोण हेही ठरलेलं नसतं. त्यासाठी कारखान्यांतल्या ‘५ एस’ या आवराआवरीच्या जपानी पद्धतीतली लाल चिठ्ठी घ्या. कुणाची ते माहीत नसलेल्या वस्तूला तारखेची चिठ्ठी बांधायची आणि ती एका ठरलेल्या जागी ३० दिवस ठेवायची. कुणी मागितली नाही तर बाद.

कॉम्प्युटरवरच्या फायलींना तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने द्या, जसं २०२४-०३-०७. तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ हेच सांगतं. नावाने लावलं की तारखेनेही लागतं. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’ यातून सुटका.

बिजागरी

डब्यांबद्दल कुणी नीट बोललंच नाही. कोरा_खण यांचा मुद्दा खरा आहे: सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या डब्यांत जातात. पण दोष बोलावलेल्या माणसाचाच असतो असं नाही. लोक आधी डबे आणून ठेवतात आणि मग त्याला बोलावतात.

कपाटाचं माप तीन ठिकाणी घ्यायचं, मागे, मधे आणि तोंडाशी. धरायचं ते सगळ्यात कमी आलेलं. तोंडाशी बिजागरी जागा खाते. दार पूर्ण उघडत नसेल तर ते आणखी २-३ सेंटीमीटर खातं. आतला ड्रॉवर किंवा सरकता डबा नेमका तिथेच अडतो, फळीवर मात्र मोकळी जागा दिसत असते. ड्रॉवर सरकवायचे चॅनेल असतील तर दोन्ही बाजूंची त्यांची जाडी वजा करा.

दुसरी फसवणूक डब्याच्या आकारात. प्लास्टिकचे डबे तळाला निमुळते असतात, म्हणजे एकात एक बसतात. वर लिहिलेलं माप तोंडाचं. तळ त्याहून लहान, त्यामुळे आत उभ्या ठेवायच्या वस्तू बसत नाहीत. सरळ भिंतीचा डबा घ्या आणि कपाटाच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला अर्धा ते एक सेंटीमीटर कमी, नाहीतर बाहेर काढताना बोट घालायला जागा उरत नाही.

आणि डबे सगळ्यात शेवटी. गट पाडून, बाद करून, उरलेलं दोन आठवडे पुठ्ठ्याच्या खोक्यांत वापरून बघा. खोकं कापून लहान करता येतं, प्लास्टिकचं तसं नाही. ओलसर भिंतीला लागून हवाबंद डबा ठेवू नका. कपडे पूर्ण वाळलेले नसतील तर ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते.

सावधान_मंडळी

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सोडली आहे. काही घरांत माणूस बोलवणं हे उत्तरच नसतं. वस्तू टाकण्याच्या नुसत्या कल्पनेने तीव्र त्रास होत असेल, पलंग, शेगडी, न्हाणीघर वापरता येत नसेल, तर तो पसारा राहत नाही. साठवणुकीच्या विकाराला २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. त्यासाठी मानसोपचाराची जोड लागते. या क्षेत्रात पसाऱ्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात (आयडीवाल्या मोजपट्टीचा संबंध नाही). त्यात दारं-खिडक्या अडलेल्या आहेत का, किडे-उंदीर आहेत का, वीज-पाणी सुरक्षित आहे का हे बघतात. वरच्या पायऱ्यांवर एकट्याने काम घेऊ नये.

अशा घरी माणूस नसताना ‘सरप्राइझ’ म्हणून सगळं साफ करणं ही सर्वात मोठी चूक. विश्वास जातो आणि जागा पुन्हा भरते, तेही पहिल्यापेक्षा लवकर. नेहमीच्या घरातही हा नियम ठेवा: दुसऱ्याच्या वस्तूचा निर्णय त्याच्या गैरहजेरीत नाही. नवऱ्याच्या कपाटाचा बायकोने नाही, मुलांच्या खेळण्यांचा आईवडिलांनी गुपचूप नाही.

कोरा_खण

बरं, कामाच्या दिवसापुरतं मान्य. पण नंतर? माझा खरा आक्षेप दीड महिन्यानंतरचा आहे.

कात्री घ्या. तीन झाकणाचे डबे एकावर एक, कात्री सगळ्यात खालच्या. काढायची तर वरचे दोन उतरवा, झाकण उघडा, कात्री घ्या. कागद कापून झाल्यावर कात्री ठेवा, झाकण लावा, दोन्ही डबे परत चढवा. काढताना चार हालचाली होतात, कारण गरज असते. ठेवताना गरज संपलेली असते, चार हालचाली कुणी करत नाही. कात्री वरच्या डब्याच्या झाकणावर राहते. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी चिकटपट्टी येते, मग बिलं. पसारा असाच परत येतो, ठेवायला लागणाऱ्या हालचालींतून. रोजच्या वस्तूला ठेवण्याची एक हालचाल, आठवड्याच्या वस्तूला दोन, याहून जास्त नाही. म्हणजे रोजचं सगळं उघड्या ट्रेमध्ये, गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत. फोटोत ते तितकं देखणं दिसत नाही, म्हणून टाळलं जातं.

मोजपट्टी

कात्रीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो कामाच्या अटींत घालता येतो, म्हणून तर आधी लिहून घ्यायचं.

ठरलेल्या तासांपैकी २ तास राखून ठेवायचे, ४ ते ६ आठवड्यांनी परत येण्यासाठी. तेव्हा नवीन काही आवरायचं नाही. ढीग कुठे कुठे साठलेत तेवढं बघायचं आणि तिथली रचना बदलायची. जिथे ढीग, तिथे त्या वस्तूची खरी जागा. परत यायला तयार नसलेल्याला पहिल्यांदाच बोलवू नका.

बाकी अटी: डबे, कपाटं विकणाऱ्याकडून दलाली मिळते का, हे सरळ विचारा. फोटो काढणार का, कुठे टाकणार? तुटफुटीची भरपाई कोण देणार? बाद झालेलं कोण, कुठे नेणार? कागदपत्रं न वाचता फक्त प्रकाराने वेगळी करायची, रद्दीचा निर्णय मालकाचा. नाव-पत्ता-खाते क्रमांक असलेले कागद फाडायला लांब पट्ट्या काढणारं मशीन घेऊ नका, पट्ट्या जुळवता येतात. डीआयएन ६६३९९ या कागद फाडण्याच्या जर्मन मानकाप्रमाणे पी-४ दर्जा बघा, त्यात तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढल्याशिवाय किंवा नीट पुसल्याशिवाय भंगारात नको. नुसतं डिलीट केल्याने माहिती जात नाही.

फाइलवाली

यात लेबलांची भर घालते. उष्णतेवर छापणाऱ्या साध्या लेबल-मशीनचा कागद ऊन आणि उष्णतेने काळवंडतो किंवा फिका पडतो, खिडकीजवळच्या फळीवर तर लवकरच. लॅमिनेट केलेली पट्टी छापणारं मशीन टिकतं. ते नसेल तर पेन्सिल आणि कागदी टेप उत्तम, बदलायलाही सोपं. लेबल झाकणावर कधीच नको, झाकणं अदलाबदल होतात. डब्याच्या अंगावर एक आणि फळीच्या कडेवर एक. फळीवरचं लेबल रिकामी जागा कुणाची आहे ते सांगतं, आणि परत ठेवणाऱ्याला तेच लागतं.

उगाच_एक

आणि ‘इतर’ असं लेबल लावलेले किती डबे चालतील? गंभीरपणे विचारतोय.

फाइलवाली

एक. तोही दोन हातांच्या ओंजळीएवढा, झाकण नसलेला. भरला की उपडा करायचा. एका प्रकारच्या तीन-चार वस्तू निघाल्या तर त्यांना स्वतःची जागा द्यायची, बाकी परत आत. दुसरा ‘इतर’ मागितला जातोय असं दिसलं, तर वर्गवारी चुकली आहे, डबा नाही.