मदत हवी आहे : पावसाळ्यात ग्रो टेंटमधली आर्द्रता कशी आटोक्यात आणावी? (सांगली, स्ट्रॉबेरी)

नमस्कार. सांगलीत विश्रामबाग भागातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मी चार बाय चार फुटांचा, साडेसहा फूट उंचीचा ग्रो टेंट (घरात दिव्याखाली रोपे वाढवण्याचा बंद तंबू) लावला असून त्यात कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्यांमध्ये विंटर डॉन जातीच्या स्ट्रॉबेरीची सोळा रोपे आहेत. महाबळेश्वर-पाचगणीकडे लागवड पाऊस ओसरल्यावर करतात, याची मला कल्पना आहे; टेंटमध्ये पावसाळ्यातही फळ धरता येते का, हेच पाहायचे होते. रोपे जोमात आहेत, फुलेही आली आहेत, पण आर्द्रता काही केल्या खाली येत नाही.

मांडणी अशी आहे. वर २४० वॉटचा एलईडी दिवा असून तो टायमरवर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा चालतो. चार इंची एक्झॉस्ट फॅन चोवीस तास सुरू असतो आणि त्याची हवा डक्टने खिडकीबाहेर सोडलेली आहे. डक्टची वळणे धरून तो ताशी साधारण १७० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला टेंटमधली सगळी हवा बदलते. टेंटच्या तळाशी असलेल्या दोन जाळीच्या झडपांतून हवा आत येते, आणि खोलीची दुसरी खिडकी त्यासाठी उघडी ठेवलेली असते. आत एक छोटा फिरता पंखाही आहे. आर्द्रतामापकावर माझा विश्वास आहे, कारण ओल्या मिठासोबत बंद डब्यात ठेवल्यावर तो अपेक्षेप्रमाणे ७५ टक्के दाखवतो.

दिवा सुरू असताना टेंटमध्ये २७ अंश आणि ७८ टक्के असे आकडे मिळतात, तर रात्री २३ अंश आणि ९६ टक्के. सकाळी चेन उघडली की तिच्या आतल्या पट्टीवर थेंब ओळीने बसलेले असतात. परागीकरणासाठी मी मऊ ब्रश फिरवते, पण सकाळच्या वेळी ब्रशला पिवळी भुकटी लागतच नाही, पराग चिकट होऊन जागीच राहतो. धरलेली काही फळे त्यामुळे एका बाजूने आखडली आहेत. शिवाय अगदी कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपत आहेत. खतात कॅल्शियम नायट्रेट पुरेसे आहे, तेव्हा पानातून बाष्पीभवनच होत नसल्यामुळे पाण्याबरोबर चढणारे कॅल्शियम टोकापर्यंत पोहोचत नसावे, असा माझा अंदाज आहे.

माहेर तासगावकडचे, द्राक्षबागेतले असल्यामुळे ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवेत काय काय होऊ शकते ते लहानपणापासून पाहिले आहे. डाऊनी या बुरशीजन्य रोगाला पानावर पाणी लागते, भुरी या दुसऱ्या बुरशीला तेवढेही लागत नाही. राहत्या घरात औषध फवारायची माझी तयारी नाही, म्हणून हवेचाच बंदोबस्त करायचा आहे. खर्च एकाच वस्तूवर करता येईल : सहा इंची मोठा फॅन घ्यावा, की टेंटमध्ये मावणारा डीह्युमिडिफायर (हवेतले बाष्प पाणी करून गोळा करणारे यंत्र)?

प्रतिसाद :

ताई, नमस्कार. मी साताऱ्यात अशाच टेंटमध्ये पालेभाज्या घेतो. आकडे नीट दिलेत म्हणून हिशेब करता आला, आणि त्या हिशेबावरून तूर्त दोन्ही वस्तू घेऊ नयेत असे माझे मत आहे.

बाहेरची हवा सध्या २३ अंश आणि ९२ टक्क्यांच्या आसपास धरली, तर तीच हवा आतले पाणी अजिबात न मिळता नुसती २७ अंशांपर्यंत तापली तरी आर्द्रता ७३ टक्के भरते. आता रोपांचे पाहू. सोळा रोपे दिवसाच्या बारा तासांत दोन लिटर पाणी हवेत सोडतात असे मानले, तर ताशी १७० घनमीटर हवेत त्याची वाटणी दर घनमीटरला एक ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार टक्के होते. ७३ आणि ४ मिळून ७७. तुमचा मापक ७८ दाखवतो. म्हणजेच तुमच्या टेंटमधला दमटपणा रोपांचा नाही, कृष्णाकाठच्या पावसाळ्याचा आहे. फॅन कितीही मोठा लावलात तरी त्या चार टक्क्यांपलीकडे हाती काही लागणार नाही. उलट दिव्याची ऊब लवकर निघून जाईल आणि आर्द्रता कदाचित वाढेल.

डीह्युमिडिफायरचे वेगळेच दुखणे आहे. एक लिटर पाणी गोळा करताना तो विजेच्या हिशेबात सुमारे ०.६८ युनिट एवढी उष्णता परत हवेत सोडतो, शिवाय त्याची स्वतःची वीज उष्णता होते ती निराळी. एवढ्याशा टेंटमध्ये स्ट्रॉबेरीला ते सोसणार नाही. तो घ्यायचाच झाला तर खोलीत ठेवावा, खिडक्या बंद कराव्यात आणि टेंटची हवा त्याच खोलीत सोडावी. खिडकी उघडी ठेवून तो चालवणे म्हणजे सगळ्या सांगलीची हवा वाळवत बसणे आहे.

आधी फुकटचा उपाय करून पाहा. दिवा रात्री आठ ते सकाळी आठ चालवा. बाहेरची हवा सर्वांत गार आणि ओलसर असते तेव्हाच दिव्याची ऊब मिळेल आणि पहाटेचे थेंब थांबतील. दिवसा अंधाराच्या वेळी बाहेरच हवा थोडी उबदार व कोरडी असते, त्यामुळे ९६ टक्क्यांपर्यंत मजल जाणार नाही. पाणी दिवा लागल्यावर द्यावे आणि तो बंद होण्याच्या तीन तास आधी थांबवावे. पिशव्यांचे उघडे तोंड प्लास्टिकने झाका, ताटल्यांत निथळलेले पाणी साठू देऊ नका, आणि आतला पंखा पानांच्या वर न ठेवता झुडपाच्या उंचीवर आणा, कारण करड्या बुरशीची सुरुवात दाट पानांखालच्या स्थिर हवेत होते. जुनी, पसरलेली पाने खुडली तरी चालतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद :

दादा, मनापासून आभार. फॅनचा विचार सोडून दिला आहे. एकच शंका उरते : वेळ बदलताना रोपांना एकदा सलग चोवीस तासांहून अधिक अंधार मिळेल, फुलोऱ्यावरच्या रोपांना त्याचा धक्का बसेल का?

प्रतिसाद :

ताई, बसणार नाही. विंटर डॉन ही लहान दिवसांत फुलणारी जात आहे. तिला एखादी लांबलेली रात्र चालते, लांबलेला दिवस टाळावा. संध्याकाळी सहाला दिवा बंद झाला की दुसऱ्या दिवशी थेट रात्री आठलाच लावा, आणि मधल्या वेळात पाणी देऊ नका.