सासूबाईंनी कोकमचा डबा पाठवलाय, कशाचं काय करू?

चिंचेवाली:
मी सोलापूरकडची, आमच्याकडे आंबट म्हणजे चिंच, विषय संपला. सासर कुडाळचं, राहतो पुण्यात. काल सासूबाईंनी गाववाल्यांच्या हाती डबा पाठवला, त्यात काळी चिकट आमसुलं, एक बाटली लालभडक रस आणि एक पांढरट पिवळट गोळा, तो मी साबण समजून मोरीत ठेवला. रसात पाणी साखर घालून सरबत केलं तर इतकं खारट की तोंड वाकडं झालं. नवरा नुसता हसतोय, त्याला फक्त खायचं माहिती. आणि जिममधली मैत्रीण म्हणते कोकमने वजन उतरतं, खरंय का? सासूबाईंना विचारायची सोय नाही कारण मागच्या वर्षीचा डबा मी शेजारी वाटला आणि फोनवर मस्त होतं म्हणून सांगितलं.

परड्यातली काकू:
अगो बाय, तो गोळा आधी मोरीतनं काढ!! ते मुठेल, म्हणजे रातांब्याच्या, कोकमच्या फळाच्या, बियांचं तेल. बिया सुकवून फोडायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तेल येतं ते थिजलं की मुठीत दाबून गोळे वळायचे. थंडीत टाचांना भेगा पडल्या की जरासं वितळवून भरायचं आणि मोजे घालून झोपायचं, चार रात्रीत फरक कळतो. ओठांनाही चालतं.
बाटलीतलं ते आगळ, सरबत नव्हे. त्यात मीठच मीठ असतं म्हणून तर वर्षभर टिकतं. सोलकढीला एक दोन चमचे पुरे आणि वेगळं मीठ घालायच्या आधी चाखून बघ. नारळाचं पहिलं दूध, लसूण, हिरवी मिरची वाटून, कोथिंबीर, बस. गरम करायची नाही, फुटते. गोड सरबताचं ते अमृत कोकम, ते वेगळं, त्यात साली साखरेत मुरवतात उन्हात.
आमसुलं मात्र जपून वापर हो, त्यामागे काय मेहनत असते ते एप्रिल मे मध्ये येऊन बघ. रातांबे फोडायचे, साली उन्हात घालायच्या, परत त्याच रसात बुडवायच्या, परत सुकवायच्या, अशी चार पाच पुटं दिल्यावर तो काळा रंग येतो आणि मध्येच वळवाचा पाऊस आला की सगळं घरात पळवा. बांगड्याच्या तिखल्यात घाल, आमटीत गुळाबरोबर घाल, अळूत तर हवंच, नाहीतर घसा खाजतो.

गोंयकार_७:
आमच्याकडे झाडाला भिरंड म्हणतात आणि सालींना सोलां. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आजी सोलां भिजवून ते पाणी अंगाला चोळायची, खाज कमी व्हायची खरी. पण ओठ सुजले किंवा दम लागला तर सोलां शोधत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.
आणि हॉटेलातली गुलाबी गुलाबी सोलकढी बघून फसू नका. घरी चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा कोकमच्या पाण्यात, खऱ्या कोकमचा लाल रंग लगेच काळपट निळसर होतो, बाजारी रंग तसाच राहतो. मुलांना दाखवायला पण मजा येते.

वजनकाटा:
वजनाचं बोलतो. कोकममध्ये हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड असतं हे खरं, त्याच्यावरच वजन उतरवायच्या गोळ्यांचा धंदा चालतो. पण त्या गोळ्या बहुतेक केरळच्या कुडंपुळीच्या, गार्सिनिया कंबोजिया म्हणून विकतात ते, कोकमचा भाऊबंद. 1998 मध्ये अमेरिकेत 135 लठ्ठ लोकांवर 12 आठवडे प्रयोग केला, अर्ध्यांना ते, अर्ध्यांना नुसती खोटी गोळी, वजनात काही खास फरक नाही निघाला. उलट या गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. सोलकढीने काही होत नाही रे बाबा, वाटी वाटी पी, पण ती वजन उतरवायला म्हणून नाही, त्यात नारळाचं दूध किती असतं विचार कर. आणि बीपी असेल तर आगळ बेतानेच, मिठामुळे.

चिंचेवाली:
गोळा काढला, वर नवऱ्याचे केस चिकटले होते, धुतला. सोलकढी पण केली, फुटली नाही. ॲसिडिटीवर घेतात ना ही?

परड्यातली काकू:
जेवणानंतर घेतात, पोटाला बरं वाटतं. पण कुणाकुणाला आंबटाने उलट जळजळतं, माझ्या जावेला अजिबात चालत नाही. तू थोडी घेऊन बघ.

शहरी शेतकरी:
मध्येच विचारतो, गावी रातांब्याची झाडं लावायचीत, बिया पेरल्या तर चालतील?

परड्यातली काकू:
बियांचं नको. निम्मी झाडं नर निघतात, आमच्या मागच्या परड्यात एक आहे, सात वर्षं पाणी घातलं, फुलं आली, रातांबा एक नाही. दापोली विद्यापीठाच्या कोकण अमृता जातीचं कलम आण.