सोमाली लोक मनाच्या आजारावर फक्त तरसच सोडतात का?

कोंढवेकर: कालच्या त्या लेखाचं सार एवढंच, की सोमाली माणसाला वेड लागलं की त्याला तरसाबरोबर कोंडतात आणि पाश्चात्त्य मानसोपचार पोचला तरच ते लोक वाचतील. वाचून डोकं फिरलं. तरसाला माणसाच्या अंगातला जिन, म्हणजे भूत, दिसतो आणि तो त्याला हुसकतो ही समजूत तिथे आहे, तो अघोरी प्रकारही झालाय, नाकारत नाही. पण आमच्या इमारतीत सोमाली विद्यार्थी भाड्याने राहतात. त्यातल्या एकाची झोप उडाली, जेवण सुटलं. बाकीचे चौघे रोज रात्री त्याच्याभोवती बसून कुराण म्हणत. आळीपाळीने जागायचे. आपल्याकडे एवढं कोण करतं? समुपदेशकाला पंचेचाळीस मिनिटं ऐकायचे दीड हजार मोजा!

बोचरी बाभूळ: डोकं फिरलं? मग तरस मागवा. साखळ्यांबद्दल एक अक्षर नाही लिहिलंत? ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेचा 2015 चा सोमालीलँडवरचा अहवाल बघा, खाजगी केंद्रांत मनोरुग्ण साखळदंडाने बांधलेले. ही तुमची माया?

कोंढवेकर: साखळ्या सोमाल्यांनी शोधल्या का? 2001, आपल्या तमिळनाडूतलं एरवाडी. आग लागली तेव्हा 28 मनोरुग्ण बांधलेल्या अवस्थेत गेले. आणि मोगादिशूत 2005 ला मनोरुग्णांचा दवाखाना काढणारे हबीब सोमालीच. लोक डॉक्टर म्हणतात, मुळात ते परिचारक. तरसाच्या खुळाविरुद्ध रेडिओवर जाहिराती त्यांच्या दवाखान्याने केल्या, गोऱ्यांनी नाही.

बर्फातली वहिनी: मी मिनीआपोलिसला नर्स आहे, सोमाली बायका रोज येतात. डोकं दुखतं, छाती जड वाटते, एवढंच सांगतात. आमच्याकडे डिप्रेशन तपासायला नऊ प्रश्नांचा कागद. एकदा दुभाष्या 'डिप्रेशन'पाशी अडला आणि 'वाली' म्हणाला, म्हणजे वेड. बाई पर्स उचलून गेली, परत आली नाही. त्यांचा 'बूफिस' शब्द वापरला असता तर बसली असती. केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीत परदेशी जाण्याच्या ध्यासाला बूफिस म्हणत, आणि तो ध्यास फसला की होणाऱ्या अवस्थेलाही. मूळ अर्थ हवा भरणं.

शुद्धलेखन: मराठीत तरी शब्द कुठाय? 'नैराश्य' डॉक्टरांनी आणलं. माझी आजी 'जीव थाऱ्यावर नाही' म्हणायची.

बोचरी बाभूळ: ती अस्वस्थता झाली. नैराश्य म्हणजे मन विटणं.

शुद्धलेखन: माझ्या आजीला काय झालं होतं ते तुम्ही सांगणार?

बोचरी बाभूळ: आजीला नाही, तुम्हाला सांगतेय. माझ्या काकाचं मन विटलं होतं. गुरुवारी अंगारा, अमावस्येला उतारा, यात सहा वर्षं गेली. गोळ्या सुरू झाल्यावर चार महिन्यांत दुकानात बसायला लागला. म्हणून चिडते.

शुद्धलेखन: मग हे आधी सांगायचं. पण 'विटणं' अन्नाचंही असतं.

बर्फातली वहिनी: अहो, बूफिसवर बोला ना कुणीतरी!

बोचरी बाभूळ: बरं, त्या चौघांनी पोराला एकटं सोडलं नाही, मान्य. पण कोंढवेकर, शेवटी डॉक्टरकडे नेलं की नाही?

कोंढवेकर: तिसऱ्या आठवड्यात. रिक्षा मीच आणली.

बोचरी बाभूळ: आणि हे आत्ता सांगताय.

कोंढवेकर: कुराण म्हणणारे चौघेही रिक्षात होते. मी मागून स्कूटरवर.