गेम खेळणारे कोट्यवधी, बनवणारे किती? खान्देशातल्या पोरांनी या धंद्यात उतरावं का?

तापीकाठ (धागाकर्ता)

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट, म्हणजे पैसे लावून पैसे जिंकायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदही ठेवला नाही. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे आणि पैसे न लावता खेळायच्या गेम्सना प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. भारतातल्या गेम उद्योगासाठी हे चांगलं झालं असं माझं ठाम मत आहे. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पोरांनी आता गेम बनवायला शिकावं.

इतकी वर्षं 'भारतीय गेमिंग' म्हणून जे आकडे छापून यायचे, त्यांतला मोठा वाटा पैसे लावायच्या ॲप्सचा होता. गुंतवणूकदार तिकडेच जायचे. चित्र, संगीत, खेळाची रचना यावर रात्री जागवणाऱ्यांना उरलंसुरलं मिळायचं. तरी कामं झाली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओला 'राजी' या गेमसाठी 2017 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पुरेसे पैसे जमले नाहीत. 2020 मध्ये गेम आलाच, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' 2016 चा. लॉकडाउनमध्ये आपल्याकडे आजी आणि नातू एकाच मोबाइलवर तो खेळत बसायचे.

आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो, तसंच इथे चाललंय. पुण्या-बंगळूरच्या स्टुडिओत आपली मुलं परदेशी गेमसाठी झाडं, भिंती, गाड्या बनवतात, चुका शोधून देतात. गेम तिकडच्या नावाने विकला जातो.

विषय कमी आहेत का? सारंगखेड्याचा घोडेबाजार घ्या. दत्तजयंतीला यात्रा भरते, तापीकाठी देशभरातले घोडे येतात. घेणारा दात बघून वय ठरवतो, अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, चालवून बघतो. विकणारा काय सांगत नाही ते ओळखायचं, हातात पैसे मोजके, आणि यात्रा संपायच्या आत सौदा करायचा. हा आख्खा गेम तयार आहे! तलवार नको, बंदूक नको. शिवाय सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी आहे, श्रावणातला कानबाईचा उत्सव आहे, लळिंगचा किल्ला आहे. दुसऱ्याने येऊन हे बनवावं म्हणून वाट का पाहायची?

पांझरा_धुळे

तळमळ पटली, निष्कर्ष नाही.

कायद्याने जुगार बंद झाला, उत्तम. पण तो पैसा आता 'राजी'सारख्या गेमकडे वळेल हे कशावरून? रमीत पैसा घालणाऱ्याला चार वर्षं खपून एक गेम काढण्यात रस नव्हता आणि पुढेही नसेल. त्या कंपन्यांत प्रोग्रामर, डिझायनर, टेस्टर होते, त्यांतले बरेच मात्र रस्त्यावर आले.

दुसरं, धोरणाचा भरवसा नाही. सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइल बंद. जुलै 2021 ला तोच बीजीएमआय नावाने परत. जुलै 2022 ला पुन्हा गायब, मे 2023 ला पुन्हा हजर. फेब्रुवारी 2022 ला फ्री फायर गेला. ज्या पोरांनी स्पर्धांवर वर्ष लावलं होतं त्यांचं काय झालं, कोणी विचारलं? अशा जमिनीवर घर बांधायला मी माझ्या पुतण्याला सांगणार नाही.

तिसरं, आपला माणूस गेम फुकट खेळतो. 'इंडस' या पुण्यात बनलेल्या मोबाइल गेमला बाजारात येण्याआधी 1 कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या होत्या. नोंदणी करायला खिशात हात घालावा लागत नाही.

भुसावळ_ते_हिंजवडी

मी गेमचं काम करतो, पुण्यात. पांझरादादा, तुमचा तिसरा मुद्दा अर्धाच आहे. भारतात पैसा कमी मिळतो हे खरं, पण गेम भारतातच विकला पाहिजे असं कोणी सांगितलं? स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एक गेम ठेवायला 100 डॉलर फी आहे. विक्रीतले साधारण 30 टक्के ते ठेवतात, बाकी तुमचे. गेम जुळवायचं गोडो हे इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, फुकट; थ्रीडी चित्रं बनवायचं ब्लेंडर फुकट. आठ वर्षांपूर्वीची अडचण साधनांची होती, आजची नाही.

आजची अडचण वेगळी आहे आणि तापीकाठ तिच्याबद्दल बोलत नाहीत. आपल्याकडे भाग बनवणारे हात तयार झालेत, आख्खा गेम शेवटाला नेणारी माणसं थोडी आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचं काम यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओकडे होतं. सप्टेंबर 2020 मध्ये झलक आली, चित्रांवर जगभरातून टीका झाली, मे 2022 मध्ये काम कंपनीच्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. हुशारी कमी नव्हती. पण मोठा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांभाळल्याचा अनुभव अशाच कामातून येतो, आणि तीच संधी हातातून गेली.

पांझरा_धुळे

म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. पुण्यातल्या अनुभवी लोकांना जमलं नाही, ते साक्री-शिंदखेड्याच्या पोराला जमेल?

भुसावळ_ते_हिंजवडी

त्याने एवढा मोठा गेम करायचाच नाही. दोन-तीन जणांनी, चार तासांत संपणारा छोटा गेम करावा. घोडेबाजार त्या मापाचा आहे.

चोपड्याचे_मास्तर

मी गणित शिकवतो. वर्गातली पोरं रात्री दोनपर्यंत मोबाइलवर असतात, सकाळी फळ्याकडे बघत नाहीत. गेम बनवायला शिका म्हटलं की घरी सांगायला कारण मिळतं आणि खेळणं तेवढंच राहतं. आधी त्यांना झोपू द्या, मग उद्योगाचं बघू.

शिरपूरची_मेघा

सर, नमस्कार. तुमचाच विषय आहे म्हणून लिहिते. पात्राने उडी मारली की ते किती वर जाईल, कुठे उतरेल हे गणित असतं. सदिश (व्हेक्टर), त्रिकोणमिती मला कॉलेजात कळली नव्हती. कॅमेरा पात्राभोवती फिरवायचा होता तेव्हा साइन-कोसाइन कळले. तिकडे चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आपल्या भागात गणिताला परकं कोणी म्हणू नये. पोराला मोबाइल देऊ नका, पण कॉम्प्युटर लॅब चार वाजता कुलूप न लावता उघडी ठेवा ना.

आणि एक. अहिराणीत गेम का नको? मालेगावात हौशी माणसांनी लहान व्हिडिओ कॅमेऱ्यावर आपले सिनेमे काढले. अहिराणी गाणी यूट्यूबवर किती चालतात ते लग्नाच्या हळदीला ऐकू येतंच. आपल्या बोलीत पात्र बोललं तर माझी मावशीपण खेळेल.

केळीबाग_रावेर

मेघाताई, लाख बोललीस. पण भो, मे महिन्यात इकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि त्यात लाइट जाते. ज्या कॉम्प्युटरवर गेम बनवायचा तो तापून बंद पडतो. हेपण धरा हिशेबात.

तापीकाठ

पांझरादादा, पोरांनी डोळे झाकून उडी मारावी असं मी म्हणत नाही. पण चीनकडे बघा. ऑगस्ट 2024 मध्ये 'ब्लॅक मिथ: वूकाँग' आला, त्यांच्या पुराणातल्या वानरावर. 3 दिवसांत 1 कोटी प्रती खपल्या. आपल्याकडे कथा आणि माणसं दोन्ही आहेत. राज्य सरकारनेही 2025 मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलंय. त्यातला काही भाग मुंबई-पुण्याबाहेर यावा म्हणून आत्ताच मागणी लावली पाहिजे. फैजपूर, शिरपूर, धुळे, भुसावळ, सगळीकडे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. एकेका ठिकाणी दहा चांगली मशीन आणि एक जाणता माणूस द्या.

पांझरा_धुळे

चीनचं उदाहरण देताना मागचं विसरू नका. तिथे 2000 ते 2015 कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर, बंदी होती, लोक कॉम्प्युटर आणि मोबाइलवर खेळले, आणि तिथल्या कंपन्यांनी त्यातून अमाप पैसा कमावला. 'वूकाँग' काढणारे लोक टेन्सेंट या तिथल्या मोठ्या गेम कंपनीत शिकून बाहेर पडलेले. म्हणजे कथेच्या आधी वीस वर्षांचा धंदा उभा होता. आपल्याकडे तो काळ रमीने खाल्ला.

लॅबची मागणी लावा, सही मीही करतो. अहिराणीचा मुद्दाही मला आवडला. पण पुतण्याला मी एवढंच सांगेन: डिग्री पूर्ण कर, नोकरी धर, संध्याकाळी दोघं-तिघं मिळून घोडेबाजार बनवा. पहिल्या गेमवर घरखर्च चालेल असं ज्याला वाटतं त्याला मी विरोधच करणार.

भुसावळ_ते_हिंजवडी

याला माझा विरोध नाही. मीही तसंच केलं. मेघा, अहिराणी संवाद लिहून देणार असशील तर कळव, चित्रांचं मी बघतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन घोड्यांचे फोटो आणि सौद्यांचे आवाज आधी गोळा करावे लागतील.