जॅनिसरी: गुलाम सैनिक सुलतानाच्याच डोक्यावर कसे काय बसले?

रंकाळाकाठ:
सध्या घरात सगळ्यांना तुर्की सिरीयलचं याड लागलंय, जेवताना पण तेच चालू. त्यात ते जॅनिसरी दाखवतात ना, उंच पांढऱ्या टोप्यावाले, त्यांच्याबद्दल नेटवर वाचलं आणि डोकंच चक्रावलं. ख्रिश्चन घरातली पोरं उचलायची, मुसलमान करायची, सुलतानाचे गुलाम म्हणून वाढवायची, आणि पुढं हेच गुलाम सुलतानाला गादीवरनं खाली ओढणार, एकाला तर जिवानिशी मारणार. गुलामाच्या हातात बंदूक द्यायची अक्कल कुणाची म्हणे? आणि ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानांचं साम्राज्य खरंच यांच्यामुळं बुडालं का? यूट्यूबवर सगळे तसंच सांगायलेत. कुणीतरी नीट लिहा, पण पुस्तकी नको.

पेठेतला:
भावा, अक्कल चांगलीच होती. सुलतानाला भीती स्वतःच्याच तुर्की सरदारांची. सरदाराला मुलूख असतो, भाऊबंद असतात, उलटला तर सगळं घेऊन उलटणार. म्हणून चौदाव्या शतकात, पहिल्या मुरादच्या काळापासून ही नवी फौज. सर्बिया, बोस्निया, अल्बेनिया, ग्रीस या भागातल्या गावांतनं अधनंमधनं पोरं निवडायची (याला देवशिर्मे म्हणायचे), आधी काही वर्षं अनातोलियात (आत्ताच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग) शेतकऱ्याच्या घरी ठेवून भाषा, धर्म शिकवायचा, अंगमेहनतीची सवय लावायची, मग छावणीत. मागं घर नाही, लग्नाला बंदी, पगार थेट सुलतानाकडनं. असला माणूस जाणार कुठं?

आणि गुलाम म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर साखळदंड येतात, तसलं काय नव्हतं. हुशार निघाला तर थेट वजीर. सोकोलू मेहमेद पाशा बोस्नियातल्या सर्ब घरातला, १५६५ ते १५७९ तीन सुलतानांचा मुख्य वजीर तोच. सुलेमानिये मशीद बांधणारा सिनान पण असाच आलेला. त्यांच्या आयांचं काय झालं असेल त्यावर मात्र कोण सिरीयल काढत नाही.

वाट लागली ती पुढं. लग्नं करायला लागले, पोरं झाली, मग पोराला पण तिथंच चिकटवा. १५८२ ला तिसऱ्या मुरादनं पोराच्या सुंतेचा जंगी सोहळा घातला आणि तिथं खेळ करणाऱ्या कसरतवाल्यांना खूश होऊन फौजेत घेतलं, अशी तक्रार जुने ऑटोमन लेखकच करून गेलेत. सोळाव्या शतकातल्या सुलतान सुलेमानच्या वेळी १२-१३ हजार असलेली फौज १६०९ च्या आसपास ३७ हजारांवर गेली. पुढं पुढं तर कोण दुकान टाकून बसलाय, कोण धंद्यात भागीदार, पगाराच्या चिठ्ठ्या विकत मिळायला लागल्या. एखाद्या तालमीच्या वहीत नावं ढीगभर आणि आखाड्याच्या मातीत उतरणारे चारच, तसला प्रकार.

पंचगंगा_घाट:
@पेठेतला निम्मं पटलं. भरती वाढली ती नुसती वशिल्यानं नाही ओ. १५९३ ते १६०६ ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याशी लढाई चालली होती, समोर बंदूकवालं पायदळ, तिथं जुने जहागिरीवाले घोडेस्वार पुरे पडेनात, म्हणजे बंदूकवाली माणसं लागतच होती. द्यायला पैसा नव्हता ही खरी गोम. १५८५-८६ ला नाण्यातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली, १५८९ ला तेच हलकं नाणं पगारात हातावर टेकवलं, तर जॅनिसरी राजवाड्यावर चालून गेले, जबाबदार अधिकाऱ्याचं मुंडकं मागितलं आणि मिळालं पण! तिथनं चटक लागली. बंड करायचं तर जेवणाची भली मोठी कढई उपडी घालायची, म्हणजे सुलतानाचं अन्न आम्हाला नको.

तुम्ही म्हणताय तो मारलेला सुलतान म्हणजे दुसरा उस्मान, १६२२, वय १७. पोलंडच्या मोहिमेत हात पोळले, खापर यांच्यावर फोडलं, आणि हजला जातो म्हणून निघायच्या तयारीत होता तोवर कुणकुण लागली की हा तिकडं दुसरी फौज उभी करणार. इस्तंबूलच्या येदिकुले किल्ल्यात गळा आवळला. १८०७ ला तिसरा सलीम गादीवरनं गेला, त्याचा गुन्हा पण तोच, नवी कवायती फौज.

पण बुडवलं म्हणाल तर उस्मानच्या खुनानंतर ४७ वर्षांनी, १६६९ ला, याच साम्राज्यानं क्रीट बेट घेतलं. आणि दुसरा महमूद बघा. १८०८ ला गादीवर आला, १८ वर्षं गप्प राहून तोफखाना आपल्या बाजूला वळवला, जून १८२६ ला यांनी परत कढया उपड्या केल्या तर थेट छावणीवरच तोफा डागल्या. हजारो मेले, संपले जॅनिसरी. मग साम्राज्य सावरायला पाहिजे होतं की नाही? पुढच्याच वर्षी ग्रीसकडच्या नवारिनोच्या लढाईत आरमार बुडालं, १८२९ ला रशियापुढं नमतं घ्यावं लागलं, १८३२ ला कोन्याला स्वतःच्याच इजिप्तच्या सुभेदाराच्या फौजेनं ठोकलं. तेव्हा कुणावर बिल फाडायचं? माझ्या मते त्यांनी सुधारणा दोनशे वर्षं अडवली एवढं खरं, बाकी खजिन्याचं आणि दरबाराचं पाप पण त्यांच्याच माथी मारलंय.

रंकाळाकाठ:
लय भारी, दोघांचे आभार. आपल्या दख्खनेत असलं काय होतं का? पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर पण हबशीच ना, म्हणजे आफ्रिकेतनं गुलाम म्हणून आणलेल्या लोकांतला?

पन्हाळा_पायथा:
व्हय, १६६० चा वेढा, तो हबशी सरदारच. पण आपल्याकडं जॅनिसरीसारखी एक बांधलेली फौज नव्हती, एकेकटा माणूस वर यायचा. मलिक अंबर बघा. इथिओपियात जन्म, बाजारात विकत विकत दख्खनेत आला, निजामशाहीच्या चंगीझखानानं घेतला, आणि तो चंगीझखान पण आधीचा गुलामच. १६०० ला अहमदनगर मोगलांनी घेतलं तरी अंबरनं गादीवर नवा निजामशहा बसवून मरेपर्यंत, १६२६ पर्यंत, झुंज दिली. तो गेल्यावर दहा वर्षांत, १६३६ ला, निजामशाही खलास. म्हणजे हिथं गुलामानं राज्य बुडवलं नाही, उलट तोच होता म्हणून टिकलं.

रंकाळाकाठ:
आणि नारायणरावाला मारणारे गारदी?

पन्हाळा_पायथा:
ते गुलाम नव्हते ओ, पगारी कवायती पायदळ. १७७३ ला तिथं पण थकलेल्या पगाराचा तंटा होताच, पण त्यात भाऊबंदकी एवढी आहे की वेगळा धागा काढा.