मदत हवी आहे: निधी समितीत माणसं टिकवायची कशी? (ऐरोली)

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. आमचा गट इथल्या कांदळवनासाठी सोसायट्यांतून देणगी गोळा करतो. फ्लेमिंगो बघायला, कचरा उचलायला माणसं हौसेनं येतात. पावतीपुस्तक हातात दिलं की गळतात. दार उघडलं की पुस्तक पाठीमागे लपवणारे मी पाहिलेत. पैसे मागायचा संकोच, हेच खरं कारण वाटतं.

व्हॉट्सअॅपवर आवाहन केलं, नवख्यांना जुन्यांसोबत जोडीनं पाठवलं. कॉलेजच्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजना) मुलं मनापासून राबतात, पण परीक्षा आल्या की थांबतात. मानधन देणं शक्य नाही. बहुतेकांना रविवारच मोकळा. संस्था नोंदणीकृत आहे, ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकर सवलतीसाठी लागणारी पावती देतो.

दारोदार न फिरता करता येतील अशी कोणती कामं दिल्यावर तुमच्या समितीत माणसं वर्षभर टिकली? आणि निवृत्त मंडळींना पहिल्यांदा कसं विचारलंत?