झाबुआला आधी काय हवं, रूळ की तलाव?

राजवाड्याचा बंडू: काल इंदूरच्या गंगवाल बसस्टँडवर, मध्य प्रदेशच्या पश्चिमेकडच्या आदिवासी झाबुआ जिल्ह्याच्या गाडीतून दहा-बारा जणांचं बिऱ्हाड उतरलं. मक्याच्या पिठाचं पोतं, एका पोराच्या हातात तवा. दिवाळी सरली की हे ठरलेलंच. कुणी इंदूरला, बाकीचे गुजरातेत, आणि परत थेट होळीआधीच्या भगोरिया जत्रेला. इंदूर-दाहोद रेल्वेचं भूमिपूजन २००८ मध्ये झालं. गाडी आली की उद्योग येतील, मजुरीसाठी गाव सोडणं थांबेल, असं आपल्याकडे जो तो म्हणतो. मला नाही पटत. झाबुआतलं मेघनगर तर दिल्ली-मुंबई मुख्य मार्गावरच आहे. रॉक फॉस्फेटची खाण आहे, औद्योगिक क्षेत्र आहे. आसपासच्या फळियांतली, म्हणजे वस्त्यांतली, माणसं तरी बाहेर जातातच ना? डोंगरउताराची जमीन, मका-उडीद निघाला की शेत रिकामं. रब्बीला पाणी द्या, माणूस घरी राहील. तलाव आधी, रूळ नंतर.

मेघनगर रिटर्न: बंडूभाऊ, मी तिथे नऊ वर्षं नोकरी केली. हेल्पर गावातला आणि सुपरवायझर बाहेरचा, हे खरं. पण त्यात रुळांचा काय दोष? २०११ च्या जनगणनेत शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्याची साक्षरता ३६ टक्के, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत तळाला. मशीनवर बसवायला माणूस आणायचा कुठून? आणि तुमचा तलाव झालाच, तरी दोन बिघ्यांतला गहू चार भावांना किती दिवस पुरणार? पगाराशिवाय गत्यंतर नाही.

सुधामावशी: झाबुआची काळी कोंबडी, कडकनाथ, विसरलात की काय! २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का, मिळाला. धोनीनेसुद्धा २,००० पिल्लं मागवली होती. अलीराजपुरातल्या कट्ठीवाड्याचा नूरजहाँ आंबा तर एकेक दोन-तीन किलोचा.

राजवाड्याचा बंडू: मावशी, नूरजहाँची झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यावर जिल्हा चालत नाही, फक्त पेपरात फोटो येतो. कडकनाथचं मात्र खरं आहे, पण ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो आणि हा पाच महिन्यांत जेमतेम सव्वा किलोचा. तेवढे महिने दाणा कोण उधार देणार? आणि नावाला भाव आला तसे लोक हे पक्षी बाहेरही पाळू लागले.

डॉ. पलासियावाले: रिटर्न, ‘पगार’ इतक्या सहज म्हणू नका. याच दोन जिल्ह्यांतली माणसं गुजरातेत गोध्र्याच्या क्वार्ट्झ (गारगोटी) दळायच्या कारखान्यांत गेली आणि सिलिकोसिस घेऊन परतली. छातीत दगडाची भुकटी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना तीन-तीन लाख द्यायला सांगितले. तीसुद्धा मजुरीच होती.

मेघनगर रिटर्न: डॉक्टरसाहेब, मी हेच तर म्हणतोय! कारखाना घराजवळ असता तर माणूस खोकायला लागला की बायकोला कळलं असतं, पंचायतीत ओरडा झाला असता. परमुलखात ठेकेदाराचं नावसुद्धा माहीत नसतं, मग दाद कुणाकडे मागायची?

डॉ. पलासियावाले: मेघनगरात नाल्याला वास येतो, त्याचा ओरडा झाला का कधी?

मेघनगर रिटर्न: झाला. नाला तसाच आहे, ते कबूल. पण बंडूभाऊ, तुम्ही उत्तर टाळताय. तो तवावाला पोरगा कितवीत होता, विचारलंत का?

राजवाड्याचा बंडू: विचारलं. चौथीत. मार्चपर्यंत मास्तर हजेरी लावतात, म्हणाला.